मॅनेज्ड स्विचची मांडणी

मॅनेज्ड स्विच : ज्याच्या प्रत्येक पोर्टचे काम प्रशासकाला ठरवून देता येते, असा इथरनेट स्विच. साधा स्विच केबल खोचताच चालू लागतो. मॅनेज्ड स्विचला व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी आभासी जाळी), ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र वाहणारी जोडणी) आणि प्रवेशाचे नियम सांगावे लागतात. येथील तपशील सिस्को कॅटॅलिस्ट 2960 मालिकेला धरून आहे.

पहिली जोडणी रॅकमध्ये चढवण्यापूर्वी, टेबलावरच, संगणकाला थेट जोडणाऱ्या कन्सोल केबलने करावी. वेग 9600 बॉड, 8 डेटा बिट, 1 स्टॉप बिट. पॅरिटी आणि फ्लो कंट्रोल बंद. पडद्यावर अगम्य अक्षरे आली, तर बहुधा वेग चुकलेला असतो.

जुना स्विच पुन्हा वापरताना स्टार्टअप कॉन्फिग (सुरू होताना वाचली जाणारी साठवलेली मांडणी) पुसून भागत नाही. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधील ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या फाइलीत वेगळी राहते. व्हीटीपी म्हणजे स्विचांनी ही यादी आपसांत वाटून घेण्याची पद्धत. तिचे डोमेन (गटाचे नाव) आणि पासवर्ड जुळले व जुन्या स्विचचा रिव्हिजन क्रमांक (यादीतील बदलांची मोजणी) मोठा निघाला, तर त्याचीच यादी चालू जाळ्यातील स्विचांवर चढते आणि ज्यांचे व्हीलॅन पुसले गेले ते पोर्ट मुके होतात. एका केबलने अख्खे ऑफिस ठप्प होते ते असे. ती फाइल पुसावी आणि व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडवर (इतरांची यादी न स्वीकारणाऱ्या) ठेवावे.

त्यानंतर होस्टनेम (स्विचचे नाव), व्यवस्थापनाच्या व्हीलॅनला आयपी पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे (सबनेटबाहेर, म्हणजे आपल्या पत्त्यांच्या गटाबाहेर, जाण्याचा मार्ग) द्यावा. गेटवे विसरला, तर स्विच त्याच सबनेटमधून सापडतो, बाहेरून नाही. एसएसएचसाठी (दुरून सुरक्षितपणे स्विचवर काम करण्याच्या सोयीसाठी) होस्टनेम व डोमेननेम आधी भरून मगच 2048 बिटांची आरएसए की तयार करावी. टेलनेट ही दुरून जोडणीची जुनी सोय बंद करावी, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो.

व्हीलॅनचा क्रमांक 802.1क्यू टॅगमधील (डेटाच्या चौकटीला लावलेल्या खुणेतील) 12 बिटांत मावतो, म्हणून 1 ते 4094 एवढेच क्रमांक वापरता येतात. संगणकाचा पोर्ट अ‍ॅक्सेस (एकाच व्हीलॅनचा), तर दोन स्विचांमधला ट्रंक. ट्रंकवर नवा व्हीलॅन सोडताना ‘अलाउड व्हीलॅन’नंतर ‘अ‍ॅड’ लिहायचे राहिले, की आधीची सारी यादी जाऊन तो एकच व्हीलॅन उरतो. दुरून काम करणाऱ्याचा संपर्क तिथेच तुटतो. यावर खात्रीचा उपाय आहे. काम सुरू करण्यापूर्वी कॉन्फिग सेव्ह करून ‘रीलोड इन 10’ (10 मिनिटांनी पुन्हा सुरू हो) ही आज्ञा द्यावी. रनिंग कॉन्फिग (चालू मांडणी) फक्त रॅममध्ये असते, त्यामुळे संपर्क तुटला तरी 10 मिनिटांनी स्विच जुन्या स्थितीत उठतो. सारे जमले, तर ‘रीलोड कॅन्सल’ देऊन मग सेव्ह करावे.

स्पॅनिंग ट्रीकडे, म्हणजे स्विचांच्या जाळ्यात डेटा गोल फिरत राहू नये म्हणून जादा वाटा बंद ठेवणाऱ्या पद्धतीकडे, सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सगळ्या स्विचांची प्रायॉरिटी मुळात 32768 असते. बरोबरी झाली की लहान मॅक पत्त्याचा (यंत्राच्या कायम ओळख क्रमांकाचा) स्विच रूट, म्हणजे या झाडाचे मूळ, होतो, आणि तो पुष्कळदा कोपऱ्यातला सर्वांत जुना असतो. मधल्या मुख्य स्विचला 4096 देऊन रूट आपणच ठरवावा. जुन्या 802.1डी पद्धतीत पोर्ट सुरू व्हायला 30 सेकंद जातात, तेवढ्यात संगणकाचा डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता मागण्याची प्रक्रिया) थकतो. म्हणून संगणकाच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच सुरू करणारी सोय) लावावे आणि सोबत बीपीडीयू गार्डही. बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश. तिथे कोणी स्विच जोडला, तर गार्ड पोर्ट ‘एरर-डिसेबल्ड’ करतो, म्हणजे बंद पाडतो. तो स्विच काढल्यावरच पोर्टला ‘शटडाउन’, मग ‘नो शटडाउन’ द्यावे. नाहीतर पोर्ट पुन्हा लगेच बंद पडतो.