रणगाडा मरून किती दिवस झाले?

उद्ध्वस्त रणगाड्याचं मॉडेल रंगवायला घेतलं की नवख्याचा हात आधी नारिंगी रंगाच्या बाटलीकडे जातो. मोडका म्हणजे गंजलेला आणि गंज म्हणजे नारिंगी, असा सरळ हिशेब. माझं पहिलं मॉडेल याच हिशेबाने रंगलं होतं. चिलखत, चाकं, तोफेची नळी, इतकंच काय, चाकांच्या रबरी कडासुद्धा एकजात नारिंगी! वर झाकणाभोवती काळीभोर ताजी काजळी, खाली दहा वर्षांचा गंज. म्हणजे हा रणगाडा कालही जळला होता आणि दहा वर्षांपूर्वीही. माझे रंग चुकले नव्हते, तारीख चुकली होती.

तेव्हापासून मी रंगाच्या बाटलीचं झाकण उघडण्याआधी एकच गोष्ट ठरवतो: रणगाडा बंद पडून किती काळ लोटला आहे? तासभर, आठवडा, वर्ष की पन्नास वर्षं? पोलाद, रंग, रबर यांची रसायनं घड्याळासारखी चालतात, आणि एकदा तारीख ठरली की निम्मे रंग आपोआप ठरतात.

सुरुवात आगीपासून करू. आत इंधन आणि दारूगोळा पेटला की आधी बाहेरचा रंग जातो. रंगात रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग सेंद्रिय असतो. तो फुगतो, फोड येतात, कोळसा होतो आणि शेवटी जळून जातो. मागे उरते रंगद्रव्याची फिकट राख. झाकणांच्या आणि फटींच्या कडेने काजळी बसते खरी, पण जिथे ज्वाळा सर्वांत कडक होती तिथे ती टिकत नाही. काजळी म्हणजे कार्बन. पुरेसा ताव आणि हवा मिळाली की तीही जळून जाते आणि पृष्ठभाग स्वच्छ, फिकट दिसतो. आगीच्या जागी तपास करणारे लोक असल्या स्वच्छ ठिपक्यांवरून आगीचा जोर कुठे होता ते शोधतात. मॉडेलवर मात्र आपण नेमके उलटे वागतो आणि आगीच्या तोंडावर सगळ्यात काळा रंग थापतो.

चाकांच्या रबराची गंमत वेगळीच. रबर काळं असतं ते त्यात मिसळलेल्या कार्बनमुळे, पण रबर घट्ट करण्याच्या प्रक्रियेसाठी त्यात झिंक ऑक्साइडही घातलेलं असतं, आणि ते पांढरं असतं. कार्बन जळून गेला की पांढरट-करडी राख मागे राहते. जळक्या रणगाड्याच्या चाकांशी दिसणारा तो पांढरा भुगा हाच. म्हणून जळलेल्या बाजूच्या चाकांना मी रबर ठेवतच नाही. कडा घासून बारीक करतो आणि खाली पांढरट पावडर टाकतो. ॲल्युमिनियमचा एखादा भाग असेल तर तो ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. पोलादाला वितळायला १,४०० अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे पोलादी चिलखत उभं राहतं आणि त्याच्या पायाशी चांदीसारखं थारोळं गोठतं.

आणखी एक खूण रंगाची नाही, पण ती चुकली तर रंग कितीही चांगला असो, मॉडेल खोटं वाटतं. बऱ्याच रणगाड्यांची चाकं टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्यांवर तोललेली असतात. त्या दांड्यांचा लवचीकपणा नेमक्या तापमानाला पाणी देऊन आणलेला असतो. आगीने त्याहून जास्त तापवलं की तो जातो, दांडे मऊ पडतात आणि कित्येक टनांचा डोलारा खाली बसतो. पूर्ण जळलेला रणगाडा ताठ उभा नसतो, पोटावर टेकलेला असतो.

आता पोलाद उघडं पडलं. सुमारे २२० ते ३०० अंशांच्या दरम्यान पोलादावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. हे रंगद्रव्य नव्हे. ऑक्साइडचा अतिपातळ थर आणि प्रकाशलहरी यांचा तो खेळ, साबणाच्या फुग्यावरच्या रंगांसारखा. रणगाड्याच्या आगीत पोलाद बहुधा याच्याही पुढे जातं आणि वर निळसर-करड्या, ठिसूळ पापुद्र्याचा थर येतो. तेव्हा आग विझल्यावरचा पहिला रंग नारिंगी नव्हे, तर करडा, काळपट आणि राखेचा पांढरा.

नारिंगी येतो पहिल्या दवाबरोबर किंवा पावसाबरोबर. रंगाचं पांघरूण गेलेलं, थंड होताना पापुद्रा तडकलेला, अशा पोलादाला गंज चढायला एक-दोन दिवस पुरतात. ताज्या गंजात लेपिडोक्रोसाइट नावाचं खनिज बरंच असतं. ते भडक, केशरी-नारिंगी. काळ जातो तसं त्यातलं काही गोएथाइटमध्ये बदलतं, जे पिवळट-तपकिरी असतं. (हे नाव जर्मन कवी गोएथे यांच्यावरून आलं आहे, त्यांना खनिजांचा नाद होता.) थर जाड होतो, घट्ट होतो, आत मॅग्नेटाइट हे लोहाचं काळं ऑक्साइड साठतं आणि एकूण रंग गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी होतो. म्हणजे गंज जितका जुना तितका गडद. भडक नारिंगी म्हणजे तारुण्य. म्हाताऱ्या रणगाड्यावर तो फक्त तिथेच दिसेल जिथे नुकता पापुद्रा गळला आहे किंवा पाणी पुन्हा पुन्हा वाहतं.

गंज कुठे दिसतो, हेही विचार करण्याजोगं आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधा प्रयोग केला. पोलादावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा सहज मिळते, मध्यभागी कमी. गंमत अशी की लोखंड विरघळतं ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी आहे, आणि गंजाचं कडं उमटतं ते कडेच्या आत, विरघळलेलं लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना भेटतात तिथे. खाणारी जागा एक, डाग पडणारी जागा दुसरी. रणगाड्यावर हेच मोठ्या प्रमाणावर चालतं: बोल्टच्या डोक्याखाली, वेल्डिंगच्या फटीत लोखंड झिजतं आणि डाग खाली ओघळत जातो. म्हणून गंजाचा ओघळ फटीतून सुरू करावा, पत्र्याच्या मधोमध नव्हे. आणि ओघळ गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने, म्हणजे कलंडलेल्या रणगाड्यावर तिरपा. हे लिहायला हास्यास्पद वाटतं, पण रणगाडा आडवा पाडून ओघळ चाकांच्या दिशेने काढलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. त्यातलं एक माझं आहे.

जिथे रंग शाबूत आहे तिथे गंज फक्त खरचट्यांत. तिथे मातकट लाल रंगही डोकावतो, पण तो गंज नव्हे, तो रेड ऑक्साइड प्राइमर, म्हणजे वरच्या रंगाआधी दिलेला संरक्षक थर. त्यातलं रंगद्रव्य म्हणजे हेमेटाइट, लोहाचंच ऑक्साइड. लोखंडाला गंजापासून वाचवायला लोखंडाचाच एक स्थिर झालेला ‘गंज’ फासायचा! फरक रंगवताना दाखवता आला पाहिजे: प्राइमर सपाट, एकसारखा आणि कडा तीक्ष्ण, गंज खडबडीत, रंगाने चंचल आणि कडेला पसरलेला.

भोकांबद्दल एक तक्रार नोंदवतो. गंजाने चाळणी झालेलं चिलखत अनेक मॉडेलांत दिसतं. साध्या हवेत पोलादाची झीज वर्षाला मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. टी-३४ रणगाड्याच्या मुख्य चिलखताची जाडी ४५ मिलिमीटर होती. हिशेब करा, शतकं लागतील. जाळी होते ती मडगार्डांची आणि सामानाच्या पेट्यांची, कारण तो पातळ पत्रा असतो. १९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉरक्रॉसजवळ समुद्रातून एक शेर्मन रणगाडा वर काढला गेला. १९४४ पासून चाळीस वर्षं तो खाऱ्या पाण्यात होता, तरी आजही किनाऱ्यावर तो लांबून शेर्मन म्हणून ओळखता येतो. त्याच्या उलट गोष्ट एस्टोनियाची. २००० साली कुर्तना मातास्यार्व या तळ्यातून टी-३४ बाहेर ओढला गेला. जर्मनांनी तो सोव्हिएत सैन्याकडून हस्तगत केला होता आणि १९४४ मध्ये माघार घेताना तळ्यात सोडून दिला होता. तळाशी कुजलेल्या वनस्पतींच्या गाळात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. छप्पन्न वर्षांनी त्यावरचे जर्मन क्रॉस वाचता येत होते. पाणी होतं, ऑक्सिजन नव्हता, गंज थबकला.

इथवर खरा रणगाडा. आता तो पस्तीस पटींनी लहान करायचा. १:३५ हे विचित्र प्रमाण काही विचार करून आलेलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारं पँथर या जर्मन रणगाड्याचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि सेल मावतील असा आकार ठेवला. मोजल्यावर तो साधारण पस्तिसावा हिस्सा निघाला आणि पुढे सगळ्यांनी तोच उचलला.

पस्तीसने भागताना नजरेची मर्यादा आडवी येते. चांगली नजर ३० सेंटिमीटरवरून सुमारे ०.०९ मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखते. खऱ्या रणगाड्यावरचा ३ मिलिमीटर रुंद ओरखडा मॉडेलवर ०.०८६ मिलिमीटर होतो, म्हणजे नजरेच्या उंबरठ्यावर. त्याहून बारीक ओरखडे रंगवायचेच नसतात. आणि ब्रशने सहज पडणारा एक मिलिमीटरचा ठिपका? खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरचा टवका. खरी वाळूसुद्धा इथे चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरचा खडा. धुळीसाठी रंगद्रव्याची पीठासारखी पावडरच हवी.

रंगाची छटा मात्र फिकी का करावी लागते, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर मला पटत नाही. म्हणतात, हवेमुळे लांबची वस्तू फिकी दिसते. पण मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून पाहणं. एवढ्याशा हवेने काय होणार? खरी गोम प्रकाशात आहे. प्रकाशाच्या लक्स या मापात भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स असतं, टेबलावरचा दिवा काहीशे लक्स. प्रकाश कमी झाला की तोच रंग डोळ्याला कमी रंगीत वाटतो. रंगशास्त्रज्ञ रॉबर्ट हंट यांनी १९५२ साली हे मांडलं आणि परिणामाला त्यांचंच नाव पडलं. कारखान्यातला हुबेहूब रंग दिव्याखाली मेलेला, काळपट दिसतो. त्याला उन्हातलं दाखवायचं तर उजळ करावाच लागतो.

हातातल्या कामात मला सगळ्यात आवडतं ते हेअरस्प्रेचं तंत्र. आधी गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रेचा थर, त्यावर रंग फवारणाऱ्या एअरब्रशने सैन्याचा ॲक्रिलिक रंग. तासाभरात ओला ब्रश फिरवला की पाणी अजून पुरत्या न जमलेल्या ॲक्रिलिकमधून झिरपतं, खालचं पाण्यात विरघळणारं पॉलिमर सुटतं आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. अगदी कडेच्या तीक्ष्णपणासकट. हाताने रंगवलेल्या टवक्यात आपली सवय दिसते. इथे कडा पाणी ठरवतं. दुसऱ्या दिवसावर ठेवलं की ॲक्रिलिक पक्कं होतं आणि घासून हात दुखतात.

फटींत सोडायच्या वॉशसाठी, म्हणजे अगदी पातळ केलेल्या रंगासाठी, पाणी कामाचं नाही. त्याचा पृष्ठताण जास्त, ते थेंब करून बसतं. व्हाइट स्पिरिट या रंग पातळ करायच्या द्रवाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश, त्यामुळे ब्रशचं टोक फटीला टेकवलं की केशाकर्षणाने रंग स्वतःच धावत जातो. आधी चकचकीत व्हार्निश दिलेलं हवं, नाहीतर मॅट पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खाचा त्याला चहूकडे ओढतात. वॉश जास्त झाला तर वाळताना कडेला गडद कडं उमटतं. कॉफीच्या डागाचंही असंच होतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली त्याचा उलगडा केला: थेंबाची कड जागेवर अडकलेली असते, तिथून बाष्पीभवन जोरात होतं, ती भरून काढायला द्रव बाहेर वाहतो आणि कण कडेला आणून सोडतो. सपाट पत्र्यावर हे कडं नकोसं, पण गंजाच्या डबक्याची खूण दाखवायची असेल तर आयतं.

शेवटचे ओघळ तैलरंगाने. तो जवसाच्या तेलात असतो आणि हे तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खरं तर वाळताना त्याचं वजन वाढतं, गंजताना लोखंडाचं वाढतं तसंच. म्हणून तैलरंगाला दिवस लागतात आणि तोवर ओघळ खाली ओढायला, पुसायला सवड मिळते.

एक अपघात सांगितला पाहिजे. चाकांभोवती ताणून बसवलेल्या साखळीच्या पट्ट्यांवर मी एकदा स्पिरिटचा वॉश ओतून ठेवला. सकाळी पुढच्या चाकाचा आस कडक्‌कन तुटलेला. मॉडेलचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक ताणाखाली असताना असला द्रव शिरला की रेणूंच्या साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि तडा जातो. त्यावर रंगाचा नीट थर असता तर वाचलं असतं. रणगाडा उद्ध्वस्तच करायचा होता, म्हणून खपून गेलं.

राहता राहिले पट्टे. चालत्या रणगाड्याचे पट्टे जमिनीशी घासून चकाकतात, म्हणून कडांवर ग्रॅफाइटची पेन्सिल फिरवायची पद्धत आहे. पण उभ्या राहिलेल्या रणगाड्याची चकाकी दवाच्या एक-दोन रात्रींत जाते. सध्याच्या मॉडेलच्या खोक्यावर मी ‘तीन आठवडे, पाऊस दोनदा’ असं लिहून ठेवलं आहे. पेन्सिल ड्रॉवरमध्येच आहे.