दिवाडीच्या सायकल-फेरीला येताय? फेरीबोट जुने गोव्याहूनच घ्या

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर आम्ही सायकल-फेऱ्या नेतो. नकाशा पाठवूनही सकाळी हमखास फोन येतो : "आम्ही बेटावर उतरलोय, तुम्ही कुठे आहात?" असा फोन करणारी मंडळी बहुतेक वेळा शेजारच्या चोडण बेटावर उतरलेली असतात.

असं होतं, कारण पणजीहून मांडवीच्या काठाने येताना आधी रायबंदर लागतं. तिथे धक्का दिसतो, गाड्यांची रांग दिसते, बोटही उभी असते. ती बोट चोडणला जाते. सलीम अली पक्षी अभयारण्य पाहायचं असेल तर जरूर तिकडे जा, पण दिवाडी हे वेगळं बेट आहे. परत रायबंदरला येऊन जुने गोवे गाठेपर्यंत तासभर सहज जातो. तोवर ऊन चढतं आणि चर्चचा चढ जड जातो.

म्हणून रायबंदरला थांबू नका. सरळ जुने गोव्याला या आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे चालत राहा. समोरच धक्का आहे. पायी प्रवाशांना तिकीट नाही आणि पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळ पडतं. सांपेद्र धक्क्यावरची बोटही दिवाडीलाच येते, पण आमच्या सायकली बेटावरच्या पिएदादे गावाच्या बाजूला असतात, त्यामुळे ती घेऊ नका.

"गाडी बेटावर आणली तर?" बोटीवर गाडी चढते, तरी आम्ही ती जुने गोव्यालाच ठेवायला सांगतो. काही ग्राहकांना हा आमचा हट्ट वाटतो. पण बेटावर नगरपालिका नाही, सगळा कारभार दोन ग्रामपंचायतींचा. वाड्यांतले रस्ते अरुंद आहेत. एक मोठी गाडी आडवी लागली की शेतावर निघालेला माणूस अडकतो, आणि गावाचे बोल आम्हाला ऐकावे लागतात. शिवाय धक्क्यापासून गावापर्यंतची खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती), बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, म्हणजे बांधातली झडप, हे सगळं सायकलवरूनच नीट दिसतं.

पिएदादेचं चर्च टेकडीवर आहे. 1700 ते 1724 या काळात ते उभं राहिलं. आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियश या गोमंतकीय धर्मगुरूंचा, म्हणजे इथल्याच माणसाचा. छतावरचं गिलाव्याचं नक्षीकाम मान वर करून सावकाश बघा. शेजारच्या दफनभूमीतल्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या काळातल्या बांधकामाचा नक्षीदार भाग शिल्लक आहे, तो बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटतो. आमचा माणूस सोबत असला की सुटत नाही. आत प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबतो. दार कधी उघडं असेल ते आदल्या दिवशी विचारून ठेवतो, म्हणूनच निघायची वेळ आम्ही ठरवतो.

पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी सप्तकोटेश्वराबद्दल आवर्जून विचारतात. कदंबांच्या या दैवताचं मूळ स्थान बेटावरच्या नार्वेत होतं. पोर्तुगीज काळात ते मोडलं आणि लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं देऊळ ते पलीकडचं. त्या गावालाही नार्वेच म्हणतात, आणि मधे फेरीबोट आहे. दोन्ही पाहायचं असेल तर अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवसाची फेरी घ्या. सकाळी चर्च, दुपारी बेटावर जेवण, उन्हं उतरल्यावर नार्वे असा क्रम आम्ही लावतो. घाईत काहीच धड पाहून होत नाही.

ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा बेटावरचा झेंड्यांचा उत्सव असतो. त्या दिवशी बोटींना प्रचंड गर्दी असते, म्हणून सायकली देत नाही. आदल्या दिवशी आलात तर झेंड्यांची तयारी पाहायला मिळेल.

ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास थांबतो, मग गट निघतो, कारण पुढचा गट त्याच सायकलींवर जायचा असतो. उशीर होणार असेल तर बोटीत चढण्याआधी फोन करा. कुठल्या धक्क्यावर उभे आहात ते सांगितलंत की पुढचं आम्ही बघतो.