उलटी होडी सुलटी कशी होते?

बंगळुरूत जन्मलेल्या अनन्या प्रसाद 2025 च्या जानेवारीअखेर एकटीने होडी वल्हवत अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर पोहोचल्या. कॅनरी बेटांमधल्या ला गोमेरापासून साधारण 4,800 किलोमीटर, 52 दिवस. नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ही बातमी ‘इच्छाशक्तीपुढे महासागरही नमतो’ अशा मथळ्याने फिरली. होडीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. महासागर कुणापुढे नमत नाही हो. इच्छाशक्ती लागतेच, पण मध्यरात्री लाटेने होडी पालथी घातली की ती सरळ करतो तो शाळेत शिकलेला आर्किमिडीज.

आपल्याकडे रोइंग म्हटलं की चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवायच्या शर्यतीत, 13 वा आला. त्या शर्यतीची होडी सव्वाआठ मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम 30 सेंटिमीटर, आणि वजन 14 किलोच्या आसपास. वल्ही पाण्यावर टेकलेली नसतील तर ती खेळाडूसकट कलंडते. वेगासाठी स्थैर्यावर पाणी सोडलेलं. एकट्याने महासागर ओलांडायची होडी मात्र सहा-सात मीटर लांब, दीड-पावणेदोन मीटर रुंद, पुढे-मागे बंद केबिन, आणि भरल्यावर शेकडो किलोंची.

मग ती उलटत नाही? उलटते. फ्रान्सचे जेरार दाबोव्हिल 1991 मध्ये जपानहून अमेरिकेपर्यंत एकटे वल्हवत गेले, तेव्हा 134 दिवसांत त्यांची होडी तीसहून अधिक वेळा उलटली.

गंमत पुढे आहे. होडीचं वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढतं. बाजूला सारलेल्या पाण्याचं प्लावक बल वर ढकलतं, आणि ते बुडालेल्या भागाच्या मध्यातून लागतं. होडी एका अंगाला कलली की त्या अंगाचा जास्त भाग पाण्यात जातो, त्यामुळे हा मध्यही तिकडे सरकतो. आता दोन्ही बलं एका रेषेत नाहीत. ती मिळून होडीला परत फिरवतात. सरकलेल्या मध्यातून सरळ वर रेघ काढा. ती होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. तो गुरुत्वमध्याच्या वर असेल तर होडी सावरते, खाली असेल तर आणखी कलते. होडी जितकी रुंद, तितका मेटासेंटर वर.

म्हणजे रुंद होडी सुरक्षित? इथेच फसगत होते. रुंद, सपाट तराफा पालथा झाला तरी रुंदच असतो, त्यामुळे पालथाही तितकाच निवांत तरंगतो. बुडाशी वजन भरलेली बाहुली कशीही पाडली तरी उठते, तशीच ही होडी, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. तळाशी वजन हवंच: बॅटऱ्या, अन्न, पिण्याचं राखीव पाणी. पण खरी करामत केबिनची आहे. उंच, गोलसर छताच्या या हवाबंद खोल्या पालथ्या होडीला पाण्याबाहेर उचलून धरतात. होडी त्या दोन अरुंद छतांवर तोलली जाते, तळाचं सगळं वजन आता वर असतं, आणि मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या खाली जातो. अशा अवस्थेत होडी टिकूच शकत नाही. पुढच्या लाटेचा धक्का बसला की ती उरलेलं अर्धं वळण पूर्ण करते.

अट एकच, केबिनचं दार घट्ट बंद हवं. ते उघडं राहिलं तर आत पाणी भरतं, उचलून धरणारी हवा जाते आणि होडी पालथीच राहते. उष्ण कटिबंधात बंद केबिनमध्ये जीव घुसमटतो, घामाने अंथरूण भिजतं, तरी वादळात दार लावूनच झोपायचं. बाहेर वल्हवणारा माणूस दोरीने होडीला बांधलेला असतो. होडी सुलटी झाली आणि तो मागे राहिला तर वाऱ्याने वाहणारी होडी पोहून गाठणं कठीण.

आणखी एक भानगड आहे, ती मला सगळ्यांत आवडते. दोन-तीन महिन्यांचं अन्न तळाशी ठेवलेलं असतं आणि माणूस ते रोज खातो. तळ हलका होत जातो, गुरुत्वमध्य हळूहळू वर चढतो. निघताना आपोआप सुलटी होणारी होडी दोन महिन्यांनी तशीच वागेल याची खात्री उरत नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या झालेल्या कॅनमध्ये समुद्राचंच पाणी भरून ते पुन्हा तळाशी ठेवतात.