‘दिसलाच नाही’ या उत्तराचा इतिहास

३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका ड्युरिया मोटारीने सायकलवरून चाललेल्या बाईला धडक दिली. बाईचा पाय मोडला. त्या शहरातली ही पहिली नोंदलेली मोटार-धडक मानली जाते. पोलिसांनी चालकाला ताब्यात घेतलं आणि इस्पितळातून तिच्या प्रकृतीची खबर येईपर्यंत त्याला रात्रभर कोठडीत ठेवलं. त्याचं पुढे काय करायचं, हे तिला किती लागलंय यावर ठरणार होतं.

ही साधी गोष्ट पुढच्या शतकात कायद्याच्या हातून निसटली. मोटारींसाठी जे कायदे झाले, त्यांनी गाडी कशी चालवली हे मोजलं, आणि कुणी मेलं असेल तर ते मोजलं. जो मेला नाही, पण कंबरेतून मोडला किंवा डोक्याला मार लागून पूर्वीसारखा राहिला नाही, त्याच्यासाठी त्या मोजपट्टीवर फार काळ खूणच नव्हती. आज एखाद्या सायकलस्वाराला जायबंदी करणारा चालक किरकोळ दंड भरून सुटला की लोक न्यायाधीशाला बोल लावतात. पण त्या निकालाची मुळं बरीच जुनी आहेत.

सायकलस्वाराची कायद्याशी पहिली गाठ पडली ती आरोपी म्हणून. इंग्लंडच्या १८३५ च्या हायवे अॅक्टमध्ये भन्नाट वेगाने ‘गाडी’ हाकणाऱ्याला शिक्षा होती. सायकल ही ‘गाडी’ आहे का, हा वाद १८७९ मध्ये कोर्टात गेला आणि कोर्टाने ‘आहे’ असं सांगून सायकलस्वाराची शिक्षा कायम केली. १८८८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. या निर्णयांनी सायकलला रस्त्यावर हक्काची जागा दिली हे खरं. पण त्यामुळे सायकल आणि पुढे आलेली दीड-दोन टनांची मोटार एकाच मापाने मोजायची सवयही लागली. दोघेही वाहनं, दोघांनाही सारखे नियम! टक्कर झाल्यावर मात्र मोटारीला पोचा येतो आणि माणसाचं हाड मोडतं.

मोटारींच्या आधीच्या, घोडागाड्यांच्या काळातल्या इंग्रजी कायद्याला जखमी माणूस दिसत होता. १८६१ च्या कायद्याचं ३५ वं कलम बेफाम गाडी हाकून कुणाला शारीरिक इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. १९०३ आणि १९३० चे मोटार कायदे आले तेव्हा गुन्ह्याची व्याख्या चालवण्याच्या पद्धतीभोवती फिरू लागली. गाडी धोकादायक चालवली की नुसती बेपर्वाईने, एवढाच प्रश्न उरला. मृत्यू झाला तर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवता येई. पण १९३७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की त्यासाठी धोकादायक चालवण्याहूनही वरच्या दर्जाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल. शिवाय ज्युरीतली माणसं चालकाला मनुष्यवधाचा दोषी ठरवायला कचरत. ‘आज हा पिंजऱ्यात आहे, उद्या मी असेन’ हा विचार ज्युरीच्या खोलीत नसेलच, असं कोण म्हणेल? शेवटी १९५६ मध्ये संसदेने ‘धोकादायक चालवून मृत्यू घडवणं’ असा वेगळा, थोडा सौम्य नावाचा गुन्हा तयार केला, म्हणजे ज्युरीला ‘दोषी’ म्हणणं जड जाणार नाही.

जखमींचं काय? १९९१ च्या दुरुस्तीने ‘धोकादायक’ची व्याख्या बदलली. सक्षम व काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्या खूप खाली असलेलं चालवणं ते धोकादायक, आणि नुसतं खाली असलेलं ते बेपर्वाईचं. खूप खाली की नुसतं खाली, या एका शब्दावर तुरुंग आणि दंड यांची वाटणी होते. मोजायचं कुणाच्या मापाने, तर दुसऱ्या चालकाच्या. सायकलवर बसलेल्या माणसाला तीच हालचाल कशी जाणवली, हे त्या व्याख्येत कुठेच येत नाही. धोकादायक चालवून कुणाला कायमचं अपंग केलं तरी कमाल शिक्षा दोन वर्षं होती. ‘गंभीर दुखापत’ हा शब्द गुन्ह्याच्या नावात आला तो २०१२ मध्ये आणि कमाल शिक्षा पाच वर्षं झाली. बेपर्वाईने चालवून गंभीर दुखापत केली तर २०२२ पर्यंत फक्त दंड, परवान्यावर दंडाचे गुण आणि फार तर परवाना बंदी होती. त्या वर्षी पहिल्यांदा त्यासाठी तुरुंगाची तरतूद झाली.

परवान्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते शिक्षेच्या वर्षांपेक्षा हा भाग महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा गुण साठले की चालकावर किमान सहा महिन्यांची बंदी येते. पण ‘असाधारण हाल’ होतील असं पटवून दिलं तर कोर्ट ती टाळू शकतं. मग नोकरी जाईल, घरात आजारी आई आहे, असं चालक सांगतो आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. मात्र ज्या सायकलस्वाराची नोकरी त्या धडकेतच गेली, त्याचे हाल या अर्जावर कुणी मोजत नाही. ही उणीव मला सर्वांत जास्त बोचते.

भारतात इंग्रजांनी १८६० ची दंड संहिता आणली. तिच्या २७९ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने वाहन चालवणं, ३३७ व ३३८ मध्ये हयगयीने दुखापत व जबर दुखापत, आणि १८७० मध्ये जोडलेल्या ३०४-अ मध्ये हयगयीने मृत्यू होता. म्हणजे इथे कागदावर जखमी माणूस पहिल्यापासून होता. जबर दुखापतीला दोन वर्षांपर्यंत कैद होती, तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमात ती तीन वर्षांपर्यंत आहे. अडचण पुराव्याची. फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ ही शब्दांची साखळी ठरलेली असते, आणि कोर्टात तीच तुटते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकच्या खटल्यात म्हटलं की ‘भरधाव’ हा सापेक्ष शब्द आहे, नुसत्या वेगावरून हयगय सिद्ध होत नाही. चालक सुटला. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, आरोपीविरुद्ध ठोस काही हवंच. पण ते ठोस काही जमवायचं काम पंचनाम्याच्या तासाभरात होतं किंवा कधीच होत नाही. टायरच्या खुणा मोजल्या का, सायकल कुठे पडली होती, कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी मागवलं का? आणि त्या तासाभरात सायकलस्वार रुग्णवाहिकेत असतो. घटनास्थळी बोलायला उभा असतो तो एकटा चालक. ‘अचानक समोर आला’, ‘दिसलाच नाही’, हे त्याचं पहिलं निवेदन कागदावर येतं आणि पुढचा सगळा तपास त्याच्या सावलीत चालतो.

‘दिसला नाही’ हा खरं तर कबुलीजबाब मानायला हवा. ब्रिटनचा हायवे कोड, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांची अधिकृत पुस्तिका, स्पष्ट सांगतो की उन्हाने डोळे दिपले तर वेग कमी करा, गरज पडल्यास थांबा. तरीही सूर्य डोळ्यांवर होता हा बचाव कोर्टात अजून मांडला जातो.

फौजदारी बाजू अशी अडखळत असताना युरोपातल्या काही देशांनी भरपाईच्या वाटेने वेगळा विचार केला. जर्मनीने १९०९ मध्येच ठरवलं की मोटार रस्त्यावर आणणं हाच एक धोका आहे, म्हणून झालेल्या नुकसानीची जबाबदारी गाडी बाळगणाऱ्याची. ‘घटना टाळता येण्यासारखी नव्हती’ ही त्याची पळवाट सायकलस्वार व पादचाऱ्यांच्या बाबतीत २००२ मध्ये बंद झाली. फ्रान्समध्ये न्यायमंत्री रॉबेर बादँतेर यांचा कायदा ५ जुलै १९८५ ला आला. जखमी सायकलस्वाराला विमा कंपनीने भरपाई द्यायचीच, तो सोळाच्या आतला किंवा सत्तरीपुढचा असेल तर जवळजवळ कुठलीही सबब चालत नाही. नेदरलँड्समध्ये टक्कर कोणत्याही उपायाने टळली नसती हे चालकाने दाखवायचं. ते जमलं नाही तर सायकलस्वाराची चूक असली तरी निदान निम्मी भरपाई मिळते, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण. डच कायद्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तिथे चालक आपोआप गुन्हेगार ठरत नाही. हा नियम फक्त दिवाणी भरपाईचा आहे आणि पैसे विमा देतो. शिक्षेसाठी तिथेही चूक सिद्ध करावीच लागते.

याच्या अगदी उलट टोकाला १८०९ चा एक इंग्रजी निकाल होता. रस्त्यात आडव्या टाकलेल्या खांबाला एक घोडेस्वार धडकला. तो स्वतः जोरात चालला होता म्हणून त्याला काहीच मिळालं नाही. त्यातून रूढ झालं की जखमी माणसाची स्वतःची जराशी चूक असली तरी दावा बाद. इंग्लंडने हे १९४५ मध्ये सोडलं आणि चुकीच्या प्रमाणात रक्कम वाटायला सुरुवात केली. अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया अजून त्याच जुन्या नियमाला धरून आहेत. वॉशिंग्टन डी.सी.ने २०१६ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांना त्यातून वगळलं.

हेल्मेटचा मुद्दाही याच रांगेतला. जर्मनीत एका बाईच्या सायकलसमोर उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. हेल्मेट नव्हतं म्हणून खालच्या कोर्टाने तिची भरपाई कापली. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती कपात रद्द केली.

पोलिसांच्या वागण्यात खरी हालचाल झाली ती गेल्या दहाएक वर्षांत, आणि तिला कायद्याइतकाच कॅमेरा कारण आहे. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यांतले शिपाई सायकलवर पाठवले. जो चालक त्यांना घासून पुढे गेला, त्याला थांबवून जमिनीवर अंथरलेल्या चटईवर दाखवलं जाई की दीड मीटर म्हणजे किती. धडक होण्याआधीच गुन्हा पाहणं ही कल्पना पोलिसांच्या कामात नवी होती. पुढे लोकांनी हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण थेट पोलिसांना पाठवण्याची सोय अनेक दलांनी केली. २०२२ मध्ये हायवे कोडमध्येही ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला निदान दीड मीटर अंतर आलं. न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये असा नियम केला की ज्याचा जाण्याचा हक्क आहे अशा पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला पुरेशी काळजी न घेता जखमी केलं, तर तो फौजदारी गुन्हा. त्याआधी तिथल्या सरकारी वकिलांमध्ये एक अलिखित समज होती की चालकाने निदान दोन नियम मोडलेले असल्याखेरीज खटला उभा राहत नाही.

इंग्लंडमध्ये भरपाईच्या दाव्यात चालकाची चूक दाखवण्याचं काम मात्र आजही जखमी सायकलस्वाराकडेच आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या कित्येकांना धडकेच्या आधीची काही मिनिटं कधीच आठवत नाहीत. त्यांच्या सायकलवर कॅमेरा नसेल, तर त्या मिनिटांबद्दल कोर्टात बोलणारा एकच माणूस उरतो.