फोंडा, जेन

(२१ डिसेंबर १९३७ – ). अमेरिकन चित्रपट अभिनेत्री व सामाजिक-राजकीय कार्यकर्त्या. जन्म न्यूयॉर्क येथे. वडील हेन्री फोंडा नामवंत नट. अ‍ॅक्टर्स स्टुडिओत अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे शिकून १९६० मध्ये त्या पडद्यावर आल्या. ‘क्लूट’ (१९७१) व ‘कमिंग होम’ (१९७८) या चित्रपटांतील भूमिकांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

व्हिएतनाम युद्धाला विरोध करताना त्यांनी १९७१ मध्ये डोनाल्ड सदरलंड यांच्यासह सैनिकांसाठी युद्धविरोधी रंगमंचीय प्रयोग केले. जुलै १९७२ मध्ये त्या शत्रुपक्ष उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईला गेल्या, तेथील रेडिओवरून बोलल्या आणि तेथील विमानवेधी तोफेवर बसल्या. त्या छायाचित्राने ‘हनोई जेन’ हे नाव कायमचे चिकटले. पुढच्या वर्षी सुटून आलेल्या युद्धकैद्यांनी छळाच्या हकिकती सांगितल्या, तेव्हा फोंडा यांनी त्यांना खोटे ठरवले. त्याने कटुता आणखी वाढली. १९८८ मध्ये त्यांनी दूरचित्रवाणीवर सैनिकांची माफी मागितली. तोफेवर बसणे ही घोडचूक होती असे त्या मानतात, हनोईला जाणे नव्हे.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र चळवळीतला विषय लोकप्रिय चित्रपटात उतरवण्याचे. त्यासाठी त्यांनी आयपीसी (इंडोचायना पीस कॅम्पेन) फिल्म्स ही निर्मितीसंस्था काढली. ‘कमिंग होम’ची कल्पना अपंग माजी सैनिक रॉन कोविक यांच्या भाषणावरून सुचली. अणुवीज प्रकल्पातील अपघातावरचा ‘द चायना सिंड्रोम’ १६ मार्च १९७९ रोजी प्रदर्शित झाला आणि बाराच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथे खरोखरच अणुभट्टी बिघडली. ‘नाइन टू फाइव्ह’साठी (१९८०) कार्यालयांत काम करणाऱ्या स्त्रियांशी बोलून त्यांचे अनुभव गोळा केले, प्रचारकी वाटू नये म्हणून गंभीर कथेचा विनोदी चित्रपट केला, आणि तो निर्णय अचूक ठरला. त्यांची व्यायामशाळा आणि १९८२ ची व्यायामाची व्हिडिओफीतही मुळात दुसरे पती टॉम हेडन यांच्या राजकीय संघटनेला पैसा पुरवण्यासाठी होती.

१९९० नंतर पंधरा वर्षे त्या चित्रपटांपासून दूर होत्या. २००५ मध्ये परतल्या. ऑक्टोबर २०१९ पासून वॉशिंग्टनमध्ये दर शुक्रवारी हवामानबदलाविरुद्ध निदर्शने सुरू केली. क्रम ठरलेला असे : सभा, रस्त्यावर ठिय्या, पोलिसांचे इशारे, मग प्लास्टिकच्या पट्टीने हात बांधून अटक. सहसा दंड भरून त्याच दिवशी सुटका होई. वारंवार अटक झाल्याने नोव्हेंबरात त्यांना एक रात्र कोठडीत काढावी लागली. २०२२ मध्ये त्यांनी खनिज इंधन कंपन्यांच्या प्रभावाला विरोध करणाऱ्या उमेदवारांसाठी निवडणूक निधी समिती स्थापन केली.