फुग्यातले शब्द आणि चौकटीतले चित्र

दुसरीत गेलेली माझी भाची एका चित्रकथेत ‘विहिरीत काहीतरी हललं’ हे तीन शब्द वाचत होती. पहिल्याच शब्दावर तिचे बोट थबकले. ‘वि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटीचा दांडा ‘व’च्या डावीकडे येतो, उच्चारात मात्र ‘इ’ नंतर येते. म्हणजे डोळ्यांना जे आधी दिसते ते तोंडाने मागाहून म्हणायचे. पुढे ‘हि’मध्ये पुन्हा तेच, आणि लगेच ‘री’मध्ये दीर्घ वेलांटी उजवीकडे. अशी कसरत करत ती ‘हललं’पर्यंत पोचली तेव्हा वाक्य कशाविषयी होते हे तिच्या ध्यानात राहिलेच नसते, पण शेजारच्या चित्रात विहिरीच्या कठड्यावरून वाकून पाहणारी मुलगी होती. भाचीने चित्राकडे एकदा पाहिले आणि पुन्हा अक्षरांकडे वळली.

त्या एका नजरेत चित्रकथेने काय काम केले, हे समजण्यासाठी वाचनाकडे जरा खोलात पाहावे लागते. बोलणे मूल ऐकून शिकते, वाचणे मात्र मुद्दाम शिकवावे लागते, कारण लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची आहे आणि तेवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा निर्माण होणे शक्य नव्हते. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारी, डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला असलेला एक पट्टा सरावाने अक्षरांच्या कामाला लागतो. फ्रेंच मेंदूवैज्ञानिक स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ब्राझील व पोर्तुगालमधील साक्षर, प्रौढपणी साक्षर झालेल्या आणि निरक्षर माणसांची तुलना करून हा बदल दाखवून दिला. हा पट्टा तयार होईपर्यंत प्रत्येक अक्षर लावून वाचावे लागते आणि त्यातच मुलाचे बहुतेक अवधान खर्ची पडते.

गफ आणि टन्मर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार, असे सूत्र मांडले. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्यात खुबी आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. घरात गोष्टी ऐकून भाषा समृद्ध झालेले मूलही अक्षरांवर अडखळते तेव्हा ती समृद्धी त्याच्या कामी येत नाही. चित्रकथा त्याच्या डोक्यावरचा काही भार उतरवते. कोण बोलते आहे हे फुग्याचे शेपूट सांगते, प्रसंग कुठे घडतो हे चौकट सांगते, बोलणारा घाबरला आहे की चिडला आहे हे भुवया सांगतात, आणि मुलाच्या वाट्याला उरतात ते फुग्यातले तीन-चार शब्द. शिवाय मागची चौकट पानावर तशीच असते, त्यामुळे आठवणीवर ताण न देता मान वळवली तरी भागते.

मग चित्रे जितकी जास्त तितके बरे, असे वाटेल, पण ते खरे नाही. सॅम्युएल्स या संशोधकांनी 1967 मध्येच दाखवले होते की शब्दाशेजारी चित्र असले तर नवशिकी मुले चित्रावरून शब्द ओळखून मोकळी होतात आणि शब्द शिकायचा राहून जातो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये पहिली-दुसरीच्या 60 मुलांच्या नजरेचा मागोवा यंत्राने घेतला. गोष्टीशी संबंध नसलेले तपशील चित्रांतून काढून टाकल्यावर मुलांची नजर मजकुरावरून कमी वेळा ढळली आणि गोष्ट त्यांना अधिक समजली. वाचन शिकवणाऱ्या पुस्तकांची पाने फुलपाखरांनी भरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे, असे मला वाटते.

चांगल्या चित्रकथेत चित्र आणि शब्द एकमेकांचे काम करत नाहीत. विहिरीच्या त्या चौकटीत मुलीचे विस्फारलेले डोळे होते, विहिरीचा तळ नव्हता. तळाशी कासव काढून फुग्यात ‘कासव’ लिहिले असते, तर भाचीने अक्षरांकडे ढुंकूनही न पाहता ‘कासव’ म्हटले असते. तिने वाचले, कारण काय झाले ते केवळ फुग्यालाच ठाऊक होते. चित्रकाराने काय काढले नाही, यावर नवशिक्यांच्या चित्रकथेचे यश बरेचसे ठरते.

चौकटींचा क्रमही मुलांना जन्मतः कळत नाही. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडून गेले ते ताडावे लागते, आणि चित्रभाषेचे अभ्यासक नील कोन यांच्या मते ही समज साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येऊ लागते.

अमेरिकेत 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा गहजब केला होता. त्याच देशात 2008 मध्ये फ्रान्स्वाज मूली यांनी केवळ नवशिक्या वाचकांसाठी ‘टून बुक्स’ ही चित्रकथांची प्रकाशनसंस्था काढली आणि 2010 चा गायझेल पुरस्कार, जो नवशिक्यांच्या पुस्तकांसाठीच असतो, तिच्या एका पुस्तकाला मिळाला. मधल्या काळात हेज आणि अ‍ॅरेन्स या संशोधकांनी 1988 मध्ये इंग्रजी मजकुरांतले विरळ शब्द मोजले होते. दर हजार शब्दांमागे मुलांच्या पुस्तकांत ते सुमारे 31 आढळले आणि कॉमिक्समध्ये सुमारे 53. अर्थात ही कॉमिक्स वाचता येणाऱ्यांची होती.

आपल्याकडे 1967 पासूनची अमर चित्र कथा किंवा 1980 मध्ये सुरू झालेले टिंकलही वाचता येणाऱ्या मुलांसाठीच आहे. अगदी नवशिक्यांसाठी मराठीत चित्रकथा करायची तर लिपीचा वेगळा विचार करावा लागेल. इंग्रजी कॉमिक्समध्ये फुगे परंपरेने केवळ कॅपिटल अक्षरांत लिहितात, ती अडचण देवनागरीत नाही. मात्र वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते, म्हणून तेवढ्याच फुग्यात मजकूर कमी मावतो. माझ्या मते नवशिक्यांसाठी ही सोयच आहे. जोडाक्षरे मात्र मोजूनमापून, आणि आलीच तर पुढच्या चौकटींत पुन्हा भेटतील अशी यावीत.

पान उलटल्यावर भाचीला मी पुढचा फुगा अंगठ्याने झाकायला सांगितला आणि विहिरीत काय असेल ते विचारले. ‘बेडूक,’ ती ठामपणे म्हणाली. मग अंगठा काढून तिने एकेक अक्षर लावले, ‘क... ळ... शी,’ आणि चित्राकडे न पाहता तोच शब्द पुन्हा एकदा, या वेळी सलग, वाचला.