आर्क वेल्डिंग आणि त्याचा वीजस्रोत

आर्क वेल्डिंग म्हणजे विजेच्या प्रज्योतीच्या उष्णतेने धातूचे दोन तुकडे कडेला वितळवून एकजीव करणे. ग्रंथात याला वितळजोड म्हणतात. सांगली, मिरज, कुपवाडच्या वर्कशॉपांत ‘वेल्डिंग मारणे’ हाच शब्द चालतो. त्याआधीही वेल्डिंग होतेच. बैलगाडीच्या चाकाची धाव जोडताना लोहार पट्टीची दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवी, एकमेकांवर ठेवी आणि घणाने ठोकून एक करी. ते दाबाचे वेल्डिंग. आर्कमध्ये दाब नाही, सारे काम उष्णतेचे. पोलाद साधारण 1,500 अंश सेल्सिअसला वितळते आणि आर्कचे तापमान 5,000 अंशांच्या वर असते.

रॉड, म्हणजे लेप दिलेली धातूची तार, जॉबला (जोडायच्या तुकड्याला) टेकवून जरासा उचलला की मधली हवा तापून वीजवाहक बनते आणि आर्क पेटतो. रॉडची तार वितळून सांध्यात उतरते. तिच्यावरचा लेप जळून वायूचे आवरण धरतो, म्हणजे हवेतला ऑक्सिजन व नायट्रोजन वितळलेल्या धातूत शिरत नाही. वर राहिलेली खपली म्हणजे स्लॅग. पुढचा थर देण्याआधी तो चिपिंग हॅमरने पूर्ण काढावाच लागतो, नाहीतर आत अडकून जोड पोकळ राहतो.

या सगळ्याची गुरुकिल्ली वीजस्रोतात आहे. बरेच जण रॉड आणि हात पाहतात, मशीनकडे दुर्लक्ष करतात. मशीन समजल्याशिवाय वेल्डिंग समजत नाही. घरात येणारी वीज 230 व्होल्टची. वेल्डिंगला उलटे हवे : व्होल्ट कमी, अँपिअर जास्त. मशीन रिकामे असताना रॉड धरणाऱ्या होल्डरवर साधारण 50 ते 80 व्होल्ट असतात. आर्क पेटला की ते 20 ते 30 वर येतात. दहा नंबरचा, म्हणजे 3.15 मिलिमीटरचा रॉड 110 अँपिअरवर आणि 24 व्होल्टवर चालला, तर 2,640 वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत उतरते.

हात कितीही सरावाचा असला तरी किंचित हलतोच. आर्कची लांबी बदलली की व्होल्टेज बदलते. त्यासोबत करंटही उसळला तर पातळ पत्र्याला भोक पडेल. म्हणून रॉडने करायच्या वेल्डिंगचे मशीन असे बांधतात, की व्होल्टेज हलले तरी करंट जवळजवळ स्थिर राहावा. जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरवरचे चाक फिरवले की आतला गाभा सरकतो, चुंबकीय गळती बदलते आणि अँपिअर कमी-जास्त होतात. रॉड चिकटला तरी ट्रान्सफॉर्मर लगेच जळत नाही, तेही यामुळेच. मिग, म्हणजे रॉडऐवजी सतत पुढे येणाऱ्या तारेने करायच्या वेल्डिंगमध्ये, नेमके उलटे. तिथे व्होल्टेज स्थिर ठेवतात आणि तार ठरलेल्या वेगाने येते. आर्क आखडला की करंट वाढतो, तार लवकर वितळते आणि लांबी आपोआप पूर्ववत होते.

आपली एसी वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. 6013 या प्रकारच्या रॉडच्या लेपातील घटक आर्क पुन्हा पेटता ठेवतात, म्हणून तो साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो. 7018 या प्रकारचा रॉड बहुधा डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, पॉझिटिव्हला लावून वापरतात. इन्व्हर्टर मशीन आधी वीज डीसी करते, मग हजारो हर्ट्झच्या वेगाने तोडते. त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि मशीन एका हाताने उचलता येते. मशीनवर 60 टक्के ड्युटी सायकल लिहिले असेल, तर त्या करंटवर दर 10 मिनिटांत 6 मिनिटेच काम घ्यावे.

7018 चा लेप ओल शोषतो. ओलीतून हायड्रोजन धातूत जातो आणि काही तासांनी जोडाशेजारी तडा दिसतो. कृष्णेचे पाणी दुकानात शिरून भिजलेले रॉड उन्हात वाळवून भागत नाही. ते महत्त्वाच्या कामाला वापरू नयेत. नुसती दमट हवा लागलेले रॉड ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर भाजून घेता येतात.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हा वेगळाच विषय. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये लोखंडी नांगराच्या कारखान्याभोवती वसली, तेव्हापासून ओतकाम सांगली जिल्ह्याच्या ओळखीचे. बीडात कार्बन 2 टक्क्यांहून अधिक असल्याने ते झटकन तापून निवले की तडकते. त्याला निकेलचा रॉड, लहान लहान टाके आणि मंद निवणे लागते.

साखर कारखान्यांत मात्र बीडावरच मुद्दाम वेल्डिंग मारतात. उसाने गिरणीच्या रोलरचे दात घासून गुळगुळीत होतात, ऊस धरला जात नाही, घसरतो. मग खास रॉडने दातांवर धातूचे बारीक खडबडीत कण चढवतात. याला आर्किंग म्हणतात. हंगामात गिरणी थांबवणे परवडत नाही, म्हणून रोलर फिरत असताना, रस ओघळत असतानाच हे काम चालते. अर्थिंग, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारी जोडणी, कुठे लावले, हे तेव्हा आधी पाहावे. करंट बेअरिंगमधून गेला तर आर्क तिथेही उडतो आणि गुळगुळीत पृष्ठावर खड्डे पडतात. म्हणून परतीची वाट बेअरिंग टाळून थेट रोलरच्या शाफ्टवरूनच द्यावी लागते.